भिंतीपलीकडचं कर्ज

एखादी कंपनी विकत घ्यायची आणि त्यासाठी काढलेलं बहुतेक कर्ज त्याच कंपनीच्या माथी ठेवायचं, अशा व्यवहाराला बाजारात ‘लिव्हरेज्ड बायआउट’ किंवा नुसतं ‘एलबीओ’ म्हणतात. २००० साली टाटा टीने ब्रिटनमधली टेटली अशी घेतली तेव्हा आपल्याकडे अभिमानाचं भरतं आलं होतं. सात वर्षांनी टाटा स्टीलने ब्रिटनमधलीच पोलाद कंपनी कोरस घेतली तेव्हा ते आणखी वाढलं, आणि पुढे ओसरलंही. या दोन खरेद्यांवरून दोन माणसं भांडताहेत अशी कल्पना केली आहे. आत्या सरकारी बँकेत कर्जमंजुरीच्या खात्यात आयुष्य काढून पुण्यात स्थिरावलेली. भाचा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात बसून अशाच व्यवहारांची कागदपत्रं तयार करणारा. माणसं कल्पित आहेत, आकडे खरे. माझं मत कुठे झुकतं तेही लपवलेलं नाही.

आत्या : बाकीचं राहू दे. टाटा टीच्या खिशातून गेले किती, तेवढं सांग.

भाचा : ७ कोटी पौंड. टेटलीची किंमत २७ कोटी १० लाख. वकिलांची आणि बँकांची फी, टेटलीला लागणारं खेळतं भांडवल, असं सगळं धरून एकूण व्यवहार ३० कोटी ५० लाखांचा. त्यातले ७ कोटी भांडवल आणि साडेतेवीस कोटी कर्ज.

आत्या : म्हणजे शंभरातले तेवीस स्वतःचे, सत्त्याहत्तर उसने. माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर चहा पाजून परत पाठवला असता.

भाचा : तुझ्या टेबलावर तो येणारच नव्हता. कंपनी ताब्यात घेण्यासाठी शेअर विकत घ्यायला आपल्या बँकांनी पैसे द्यायचे नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा जुना दंडक. म्हणून कर्ज तिकडेच उभं राहिलं, आणि ते राबोबँकेने उभं केलं. टाटा टीने ब्रिटनमध्ये ‘टाटा टी (जीबी)’ नावाची नवी कंपनी काढली. भांडवल तिच्यात घातलं, कर्ज तिने काढलं, टेटली तिने घेतली. तारण टेटलीचा ब्रँड आणि टेटलीची मालमत्ता. टाटा टीची हमी नाही. उद्या फसलंच, तर बँकांनी टेटली उचलून न्यावी. मुन्नार आणि आसामच्या मळ्यांना हात लावायचा नाही. मध्ये भिंत.

आत्या : दुसऱ्याचं घर त्याच घराच्या तारणावर घ्यायचं!

भाचा : गृहकर्ज काय वेगळं असतं?

आत्या : असतं तर. गृहकर्जाचा हप्ता माणूस स्वतःच्या पगारातून भरतो. इथे हप्ता घरानेच भरायचा, आणि नाही जमलं तर मालक म्हणणार, हे घ्या घर, मी चाललो. मी आयुष्यभर पगाराचा दाखला मागत होते तो हौस म्हणून नव्हे.

भाचा : दाखला इथेही मागितला होता, फक्त घराचा. टेटली १८३७ सालची. ब्रिटनमध्ये टी-बॅग रुजवली ती तिने, १९५३ मध्ये. तिथला माणूस मंदी आली की नवी गाडी पुढे ढकलतो, सकाळचा चहा नाही ढकलत. पैसा दर आठवड्याला येतो, आणि साधारण तेवढाच येतो. शिवाय टेटली कर्जाला नवखीही नव्हती. १९९५ मध्ये तिच्याच व्यवस्थापकांनी श्रोडर आणि प्रुडेन्शियल यांना बरोबर घेऊन ती १९ कोटी पौंडांना घेतली होती, तीही बरीचशी उसन्या पैशावर. टाटांनी त्या वेळीही प्रयत्न केला होता, जमलं नाही. म्हणजे २००० साली राबोबँकेच्या हातात टेटली किती ओझं उचलू शकते याची पाच वर्षांची नोंद होती.

आत्या : हे तू आधी सांगायला हवं होतंस. आणि विकणाऱ्यांनी सगळे पैसे रोख नेले?

भाचा : नाही. काही रक्कम त्यांनी टेटलीवर कर्ज म्हणून मागे ठेवली.

आत्या : मग माझा अर्धा राग गेला. विकणारा स्वतःचे पैसे मागे ठेवतो तेव्हा त्याचा मालावर विश्वास असतो. आणि उत्पन्न पौंडात, हप्ता पौंडात. रुपया घसरला तरी टेटलीला त्याचं सोयरसुतक नाही.

भाचा : व्याज नफ्यातून वजा होतं, म्हणजे करही कमी.

आत्या : ते राहू दे. करबचतीच्या जोरावर उभा राहणारा प्रस्ताव मी कधी मंजूर केला नाही.

(टेटली प्रकरण इथेच संपवतो, कारण यशात भांडायला फारसं नसतं. एक गोष्ट मात्र नोंदवावीशी वाटते. टेटली घेतल्यावर टाटा टी मळ्यांपासून हळूहळू दूर होत गेली. २००५ मध्ये मुन्नारचे बहुतेक मळे कामगारांचीच बहुसंख्य मालकी असलेल्या कंपनीकडे गेले. पुढे टाटा टीचं नाव टाटा ग्लोबल बेव्हरेजेस झालं आणि आता ती टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्स आहे. मळेवाली कंपनी ब्रँडवाली झाली. कर्जाने नुसती खरेदी झाली नाही, घेणाऱ्याचा धंदाही बदलला. व्यवहाराच्या कौतुकात हे सहसा येत नाही.)

आत्या : टेटली तुला देऊन टाकली. आता कोरस काढ.

भाचा : साचा तोच होता. टाटा स्टील यूके ही ब्रिटनमधली कंपनी. किंमत सुमारे ६२० कोटी पौंड, म्हणजे तेव्हाचे १,२०० कोटी डॉलर. त्यातला साधारण तिसरा हिस्सा टाटा स्टीलचा. ३०० कोटी पौंडांहून जास्त मुदतकर्ज कोरसच्या माथी, त्याला टाटा स्टीलची हमी नाही. एप्रिल २००७ मध्ये ताबा मिळाला. ५० लाख टनांच्या आसपास पोलाद करणाऱ्या कंपनीने १ कोटी ८० लाख टनांची कंपनी घेतली आणि ती जगातली पाचव्या क्रमांकाची झाली.

आत्या : साचा तोच असेल, पण आत ओतलं काय? तू म्हणालास चहा कोणी पुढे ढकलत नाही. पोलाद ढकलतात! मंदी आली की पूल थांबतात, गाड्या थांबतात, इमारती थांबतात. आणि झोतभट्टी काही गॅसची शेगडी नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून बंद करायला. ती पेटती ठेवावीच लागते, खर्च चालूच राहतो. त्यात कोरसकडे स्वतःची खाण एकही नाही. लोहखनिजही बाजारातून, कोळसाही बाजारातून. जमशेदपूरला नोआमुंडीचं खनिज घरचं, झरियाचा कोळसा घरचा, म्हणून जमशेदपूर मंदीतही तरतं. हप्ता भरायचा होता जमशेदपूरच्या ताकदीवर, आणि लिहिला कोरसच्या नावावर.

भाचा : भारतात स्वस्तात पोलादाच्या लाद्या ओतायच्या आणि त्यांना युरोपात शेवटचा आकार द्यायचा, असा विचार होता. तो चुकीचा नव्हता.

आत्या : विचार उत्तम होता. कर्जाचा पहिला हप्ता मात्र विचार प्रत्यक्षात यायची वाट बघत नाही. बरं, भाव सांग. पहिली बोली किती?

भाचा : ऑक्टोबर २००६ मध्ये शेअरला ४५५ पेन्स. मग ब्राझीलची सीएसएन आली ४७५ घेऊन. टाटा ५००, सीएसएन ५१५. शेवटी ब्रिटनच्या टेकओव्हर पॅनेलने लिलाव लावला. ३० जानेवारी २००७ च्या संध्याकाळी सुरू झाला आणि नऊ फेऱ्यांनंतर उत्तररात्री संपला. सीएसएन ६०३, टाटा ६०८.

आत्या : साडेतीन महिन्यांत १५३ पेन्स वर. पहिल्या बोलीवर तिसऱ्या हिश्शाने. तेवढ्या काळात कोरस टनभर तरी जास्त पोलाद ओतायला लागली होती का? नाही. मग हप्ता कसा वाढला? माझा खरा आक्षेप हा आहे, आणि तो कर्जावर नाही, कर्जामुळे सुटणाऱ्या हातावर आहे. समोर बँका रांगेत उभ्या आहेत, वरचे पाच पेन्स आज आपल्या खिशातून जाणार नाहीत, उद्या कोरसच्या उत्पन्नातून जातील, असं वाटलं की नवव्या फेरीतही हात वर जातो. रोख पैसे मोजायचे असते तर पाचव्या फेरीत कोणीतरी म्हणालं असतं, पुरे आता.

भाचा : वरची बरीच रक्कम टाटा स्टीलने स्वतःच्या वाट्यातूनही वाढवली होती.

आत्या : आधी तीही उसनीच. मग २००७ च्या शेवटी हक्कभाग विकून भागधारकांकडून गोळा केली.

भाचा : आणि भागधारकांनी आपलं मत लगेच सांगितलं. लिलाव जिंकला त्या दिवशी टाटा स्टीलचा शेअर दहा टक्क्यांच्या आसपास पडला. मान्य. पण आत्या, सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन बँक बुडेल आणि जगभर मंदी येईल हे २००७ च्या जानेवारीत कोणाला दिसत होतं?

आत्या : लेहमन नाही दिसत. पोलादाचा भाव पडणार हे मात्र दिसतं, कारण तो दर काही वर्षांनी पडतोच. कधी, एवढंच माहीत नसतं. म्हणून कर्ज काढताना पडलेला भाव धरायचा असतो, चढलेला नव्हे.

भाचा : ठीक. आता माझा मुद्दा ऐक. सगळं वाईट झालं, तरी भिंत टिकली की नाही? कोरसचं कर्ज कोरसच्या बाजूला राहिलं. जमशेदपूर गहाण पडलं नाही, कलिंगनगरचा नवा कारखानाही त्याच काळात उभा राहिला. एलबीओ नसता, सगळं कर्ज टाटा स्टीलच्या ताळेबंदावर असतं, तर मूळ कंपनीच बुडाली असती.

आत्या : भिंत कागदावर टिकली. पैसा मात्र भिंतीवरून गेलाच ना. २००९ मध्ये बँकांनी अटी शिथिल केल्या, त्या बदल्यात मूळ कंपनीने आणखी पैसे ओतले. २०१३ च्या मे महिन्यात १६० कोटी डॉलर वहीतून पुसले. भिंत खरी असती तर २००९ मध्येच बँकांना सांगता आलं असतं, या चाव्या, आता तुम्ही बघा. का नाही सांगितलं?

भाचा : तो त्यांचा निर्णय होता. सक्ती नव्हती.

आत्या : टाटा नावाने सक्ती केली. ज्या घराण्याचं कर्ज कधी बुडत नाही असा लौकिक आहे, ते घराणं लंडनच्या बँकांना चाव्या देऊन निघून आलं, तर दुसऱ्या दिवशी मुंबईत त्याच्या बाकीच्या कंपन्यांना कोणत्या दराने कर्ज मिळेल? बँकांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी हमीपत्र मागितलं नाही, कारण त्यांना ते लागणारच नव्हतं. मी खुर्चीत असते तर मीही मागितलं नसतं.

(या वादात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच. न्यूयॉर्कच्या एखाद्या फंडाने घेतलेली कंपनी बुडाली तर फंड खांदे उडवून पुढच्या खरेदीकडे वळतो; त्या धंद्यात ते गृहीतच असतं. आपल्याकडच्या उद्योगघराण्यांनी त्याच फंडांचा करार उचलला, पण खांदे उडवण्याची मोकळीक त्यांच्याकडे नव्हती. करारात ‘नॉन-रिकोर्स’, म्हणजे मूळ कंपनीकडे वसुलीला यायचं नाही, असं लिहिलं होतं. लौकिकाला ते कलम लागू पडलं नाही.)

भाचा : भिंत चुकली की काय होतं, याचं तुझ्याच पुण्यातलं उदाहरण देतो. सुझलॉन. २००७ सालचंच. जर्मनीतली पवनचक्क्या बनवणारी रीपॉवर कंपनी घ्यायला तिने फ्रान्सच्या अरेव्हाविरुद्ध बोली लावली. शेवटी अरेव्हा १४० युरोवर, सुझलॉन १५० वर. जिंकली, आणि मग टप्प्याटप्प्याने हिस्सा वाढवत नेला. पण रीपॉवर शेअर बाजारात नोंदलेली जर्मन कंपनी. जोवर तिथे छोटे भागधारक शिल्लक आहेत, तोवर तिच्या तिजोरीतले पैसे पुण्याच्या कर्जफेडीला वापरता येत नाहीत. जर्मन कायदा तसं करू देत नाही. २०११ पर्यंत त्या छोट्या भागधारकांना बाहेर काढण्यातच वेळ गेला. कर्ज हडपसरला, रोकड हॅम्बुर्गला. ऑक्टोबर २०१२ मध्ये परकीय चलनातले सुमारे २१ कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे फेडता आले नाहीत. मग आपल्या बँकांच्या गटाला कर्जाची पुनर्रचना करावी लागली, आणि २०१५ मध्ये तीच जर्मन कंपनी १०० कोटी युरोंना विकावी लागली. हा एलबीओ नव्हता, आत्या. इथे भिंत चुकीच्या जागी होती. कर्ज एका बाजूला आणि ते फेडणारी रोकड दुसऱ्या बाजूला.

आत्या : हे मान्य. कर्ज आणि ते फेडणारी रोकड एकाच बाजूला हवीत, एवढं तरी तुझ्या एलबीओत नीट असतं. पण त्या दुसऱ्या बाजूला माणसंही असतात. कोरसच्या पोर्ट टॅल्बट कारखान्यात भट्टीवर काम करणाऱ्या माणसाने ६०८ पेन्सची बोली लावली नव्हती. मार्च २०१६ मध्ये त्यांच्या युनियनचे नेते आणि तिथले खासदार मुंबईला आले होते, आठवतं? फोर्टात बॉम्बे हाउसमध्ये संचालकांची बैठक, आणि वेल्समधल्या गावाचं काय होणार ते तिथे ठरणार.

भाचा : त्या बैठकीनंतर ब्रिटनमधला कारखाना विकायचं जाहीर झालं, आणि मग विकला गेला नाही. २०१७ मध्ये तिथल्या कामगारांच्या पेन्शन योजनेचा प्रश्न सुटला, योजनेला ५५ कोटी पौंड आणि ब्रिटनमधल्या कंपनीचा ३३ टक्के हिस्सा देऊन.

आत्या : ही पेन्शन म्हणजे सगळ्यात मोठा सावकार, आणि कर्जाच्या यादीत त्याचं नावच नसतं. सव्वा लाखाहून जास्त सभासद होते त्या योजनेत. माझ्या वेळच्या कुठल्याही ताळेबंदात मी आधी हे बघितलं असतं, कामगारांचं देणं किती. बँकेचं कर्ज वाटाघाटीने लांबवता येतं. म्हाताऱ्या माणसाचं पेन्शन किती लांबवणार?

भाचा : पण दोष कर्जावर टाकू नकोस. कोरसचाच स्कन्थॉर्पचा कारखाना टाटांनी २०१६ मध्ये एका पौंडाला दुसऱ्याला दिला. तो २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेला, मग चिनी मालकाकडे गेला, आणि एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारला त्याचा कारभार हातात घ्यावा लागला. टीसाइडची भट्टी २०११ मध्ये थायलंडच्या कंपनीने घेतली, २०१५ मध्ये कायमची विझली. या मालकांवर ६०८ पेन्सचं कर्ज नव्हतं. तरी बुडाले. वीज महाग, चीनचं पोलाद स्वस्त, भट्ट्या जुन्या. टाटांनी पोर्ट टॅल्बटच्या झोतभट्ट्या २०२४ पर्यंत पेटत्या ठेवल्या. आता तिथे विजेची भट्टी येतेय, त्यात ५० कोटी पौंड ब्रिटिश सरकारचे आहेत.

(इथे मी भाच्याच्या बाजूने आहे. कर्जाने कोरस मारली, हे म्हणायला सोपं आहे, पण ज्यांच्यावर ते कर्ज नव्हतं ते शेजारचे कारखानेही बुडाले. कर्जाने आजार आणला नाही. मात्र दुखण्यावर खर्च करायला जे पैसे हवे होते ते व्याजात गेले, असं आत्या म्हणाली असती तर मी तिला अडवलं नसतं.)

भाचा : एक नवीन सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की भारतीय बँकांनाही आता कंपनी-खरेदीसाठी कर्ज देता येईल. पहिल्या मसुद्यात बँकेने किमतीच्या ७० टक्क्यांपर्यंतच द्यावं आणि निदान ३० टक्के खरेदीदाराने स्वतःचे घालावेत, अशी अट होती. तुझी टेटली त्यात बसली नसती. तेवीसच होते.

आत्या : आणि कोरस?

भाचा : तिसरा हिस्सा टाटा स्टीलचा. कोरस बसली असती.

आत्या : बघ! चांगली खरेदी नियमाबाहेर, आणि जिने रक्त आटवलं ती नियमात. म्हणून मी टक्क्यांवर कधी मंजुरी दिली नाही. मी दोन कागद मागितले असते. एक, लिलावाला जाण्याआधी किमतीची कमाल मर्यादा, संचालकांच्या सहीनिशी. दुसरा, धंदा पडला तर मूळ कंपनी किती ओतणार आणि कुठे थांबणार.

भाचा : दुसरा कागद कोणी देणार नाही. असं लिहून दिलं की ती हमीच झाली, मग भिंत कसली?

आत्या : मग भिंत आहे असंही म्हणू नका.

भाचा : आणि पहिला कागद दिला तर लिलाव हरणार. मर्यादा ६०० असती तर कोरस ब्राझीलला गेली असती.

आत्या : जाऊ द्यायची.

भाचा : आणि आज तू मला सांगत असतीस, बघ, ब्राझीलवाल्यांच्या गळ्यात धोंड पडली, टाटा शहाणे ठरले, पण जगात मोठं व्हायची एक संधी त्यांनी पाच-सात पेन्सांसाठी घालवली.

आत्या : त्यातलं शेवटचं वाक्य तू म्हणाला असतास. मी त्याआधीच थांबले असते.